एका खांबाचे दोन पावसाळे

लिहायला बसलो आहे खरा, पण आधी माफी मागतो. लिहिण्याचा सराव आमच्या घरात कोणालाच नाही. माझ्याआधी घरात कोणी लिहिलेली सगळ्यात लांब गोष्ट म्हणजे वडिलांनी होडीच्या अंगावर रंगाने काढलेला नंबर, आणि त्यातही एक आकडा उलटा होता. मी इंजिनिअर झालो, म्हणजे पेपर पुष्कळ लिहिले, पण तिथे अडलं की ‘आकृती पाहा’ म्हणून सुटका होत असे. इथे आकृती नाही. शिवाय गोष्ट आहे ती प्लास्टिकच्या एका खांबाची. त्याच्यावर कोणी चार पानं लिहावीत असं त्या खांबाने काही केलेलं नाही. तो नुसता उभा होता. निदान मला तरी तसं वाटत होतं.

आमचं घर करंजा बंदराच्या बाजूला, समुद्राला लागून. बंदरावर मासळी उतरते आणि ओली विकली न गेलेली किनाऱ्यावर सुकवतात. बोंबील सुकवायला खांब रोवून त्यांना दोऱ्या ताणायच्या, दोन बोंबलांची तोंडं एकमेकांत अडकवायची आणि ती जोडी दोरीवर टाकायची. या सगळ्या मांडणीला आम्ही वलांडी म्हणतो. तिचे खांब लाकडाचे. खाऱ्या चिखलात ते तळाकडून कुजतात, म्हणून पावसाळा जवळ आला की जो तो आपले खांब उपटून घरी नेतो आणि नारळी पौर्णिमा झाली की पुन्हा रोवतो. तरी दर वर्षी दोन-चार खांब चुलीत जातातच. आई म्हणते, वलांडीच्या लाकडावर केलेल्या भाताला वेगळीच चव येते. ही चव मी लहानपणापासून खाल्ली आहे. भाताला धूर लागलेला असतो, एवढंच.

कॉलेजसाठी मी विचुंब्याला मावशीकडे राहत असे. मावशीच्या घराच्या तिन्ही बाजूंना इमारती उठत होत्या आणि चौथ्या बाजूला मावशीनेच भाड्याच्या खोल्या काढल्या होत्या. तिथून नवीन पनवेलला चालत जायचं. वर्गात इंग्रजीत प्रश्न विचारला की मी उत्तर माहीत असूनही खाली बघायचो. शेजारच्याने तेच उत्तर दिलं की मनात म्हणायचो, बरोबर आहे. अशी तीन वर्षं मी मनातल्या मनात बरीच बरोबर उत्तरं दिली.

शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट आला. गटात आम्ही चौघे होतो. बाकीचे तिघे मुलाखतींच्या तयारीला लागले होते, त्यामुळे विषय मी निवडला: प्लास्टिकच्या कचऱ्यापासून उपयोगी वस्तू बनवणारं छोटं यंत्र. तेव्हा पनवेलच्या खाडीवर पुलावरून बघितलं तर पाणी कुठे संपतं आणि पिशव्या कुठे सुरू होतात ते कळत नसे. मला खरंच वाटत होतं की असं एक-एक यंत्र दर गावात बसलं तर खाडी मोकळी होईल. सरांनी विषय वाचला आणि म्हणाले, “छान. समाजोपयोगी आहे. फोटो चांगले येतील.”

यंत्र समजायला सोपं आहे. चकलीचा सोऱ्या घ्या, तो लोखंडाचा करा, बाहेरून तापणारे पट्टे बांधा आणि हाताऐवजी मोटर लावा. मागून प्लास्टिकचे तुकडे टाकायचे, आत ते वितळतात, पुढे साच्यात भरले जातात. अडचण एकच: आधी तुकडे करावे लागतात. त्यासाठीचं विकतचं यंत्र आमच्या आवाक्याबाहेरचं होतं. मग मला बंदरावर पडलेली बर्फ फोडायची जुनी मशीन आठवली. तिला दात होते आणि ते अजून शाबूत होते.

ती न्यायला मी गावी गेलो, त्या दिवशी पुढचं सगळं ठरलं. बाबा आणि मी मशीन उचलत होतो. होडीच्या सावलीत काका, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, जाळं शिवत बसले होते. बहीण शेजारी बसून कोलीम, म्हणजे अगदी बारीक कोळंबी, निवडत होती. ती तेव्हा दहावीला होती.

काका म्हणाले, “भाऊ, बर्फ फोडायचा सोडून तुजा इंजिनेर आता कचरा फोडनार काय?”

“फोडू दे,” बाबा म्हणाले.

“चार वर्सं पनवेलला धाडलास. गावलं काय? कचरा. आता बायलाबी धाडनार असशील.”

बाय म्हणजे माझी बहीण. तिचा हात थांबला. तिला बारावीनंतर पनवेलला जायचं होतं हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी मोठ्याने म्हणत नव्हतं. काकांनी तिच्यासाठी त्यांच्या सासरच्या बाजूचं एक स्थळ मनात धरलं होतं. हेही सगळ्यांना माहीत होतं, कारण काका ते मोठ्याने म्हणत.

बाबा घाईने उत्तर देणारे नाहीत. त्यांनी मशीन खाली ठेवली आणि मला विचारलं, “पोरा, तुज्या मशीनीतनं काय निघंल?”

“फळ्या निघतील. फरशीचे ठोकळे निघतील.”

“वलांडीचा खांब निघंल?”

“थिअरीप्रमाणे निघायला हरकत नाही.”

“थेरी आमी काय करू? खांब निघंल का नाय?”

“निघेल.”

“निघंल,” काका म्हणाले, “पन टिकंल काय? एक पावसाळा तर लाकूडबी काढतंय. दोन काढून दाखव. उपटायचा नाय. चिखलातच ठेवायचा.”

बाबांनी खाडीकडे बघितलं आणि म्हणाले, “दोन पावसाळे उबा ऱ्हायला तर बाय पनवेलला जायल. नाय ऱ्हायला तर तू बोलतोस तसं.”

मुलीला शिकवावं की नाही हे लोक कशाकशावर ठरवतात. परिस्थिती, पत्रिका, शेजाऱ्यांचं मत. आमच्याकडे ते पॉलिइथिलीनवर सोडण्यात आलं. मी निघालो तेव्हा बहीण बसथांब्यापर्यंत आली आणि एवढंच म्हणाली, “दादा, जाड कर हां.”

बर्फाची मशीन कॉलेजात बसवली. बाटल्यांची बुचं आणि डबे तिने बरे फोडले, पण पिशव्या दातांभोवती अशा गुंडाळल्या गेल्या की सुरीने कापून काढाव्या लागल्या. पिशव्या आधीच बारीक कापलेल्या असतील तर मशीन त्या बारीक करायला तयार होती. शेवटी दर रविवारी बहीण विळीवर पिशव्या कापायची आणि सोमवारी मी पोतं घेऊन यायचो. रिपोर्टमध्ये आम्ही ‘स्वयंचलित यंत्र’ असं लिहिलं. त्याचा पहिला विभाग म्हणजे माझी बहीण होती. आकृतीत तिच्या जागी एक चौकोन काढला.

कुठलं प्लास्टिक कुठल्या जातीचं हे पुस्तकात होतं, पण पुस्तकातल्या प्लास्टिकवर नाव छापलेलं असायचं. पनवेलला खाडीकडच्या रस्त्यावर एक भंगारवाले चाचा होते. बरीच वर्षं आखातात काढून आले होते. मी वही घेऊन त्यांच्याकडे गेलो.

“वही ठेव बेटा,” ते म्हणाले. “बालदी आन. पानी भर. आता टाक एकेक तुकडा. तरंगला तो तुजा. बुडला तो कुनाचाच नाय.”

“सगळं एवढ्यावर कळतं?”

“नाय कळलं तर जरा पेटव, लांबून वास घे. मेणबत्तीसारका आला तर समज शरीफ हाय. नाक जळलं तर हात जोड आनि सोड त्याला. तो आतमदी गेला तर तुजी मशीन पन जाईल आनि तुजा सर पन जाईल.”

मी ते शब्दशः पाळलं. तरंगणारं तेवढं वेचलं, बुडणारं बाजूला ठेवलं. रिपोर्टमध्ये याला ‘घनतेनुसार वर्गीकरण’ असं नाव दिलं. सरांनी विचारलं, याचा संदर्भ कुठला? बादलीचा संदर्भ कसा लिहायचा हे मला माहीत नव्हतं, म्हणून परदेशी वाटेल असं एक पुस्तक लिहिलं. त्याची अजून लाज वाटते. चाचांचं नाव आभारात घालायचं राहून गेलं. आभारात सरांचं नाव तीनदा आलं.

माल कमी पडू लागला तेव्हा बहिणीने आळीत सांगितलं की दादाच्या कॉलेजला प्लास्टिकच्या पिशव्या हव्यात, वापरलेल्या. माझी अपेक्षा होती की लोक कचरा देतील. पण कॉलेजात कचरा पाठवायचा हे आमच्या आळीला पटेना. बायकांनी पिशव्या साबणाने धुतल्या आणि वलांडीवर, बोंबलांच्या शेजारी, चिमटे लावून वाळत घातल्या. वाळल्यावर घड्या घातल्या. शेजारच्या काकूने तर नव्या कोऱ्या पिशव्यांचा गठ्ठा आणून दिला. मी म्हटलं, “काकू, ह्या नव्या आहेत. वापरलेल्या हव्यात.”

“कालेजान उष्टी पिशवी धाडू?” काकू म्हणाली. “आमाला काय रीत नाय काय?”

कचरा कमी करण्याच्या माझ्या प्रयोगासाठी आळीत त्या महिन्यात थोडा कचरा वाढला. शिवाय चार-पाच दिवस बोंबलांच्या सहवासात राहिलेल्या पिशव्या वितळवल्या की कार्यशाळेत कसा वास येतो, हे शेजारच्या वर्गांनी आम्हाला लेखी कळवलं.

मार्चमध्ये यंत्राचं उद्घाटन ठरलं. पाहुणे आले. त्यांना प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला पुष्पगुच्छ दिला, प्लास्टिकच्या बाटलीतलं पाणी दिलं. मागे ‘प्लास्टिकमुक्त परिसर’ असा मोठा फ्लेक्सचा बॅनर होता. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सरांना कल्पना सुचली: पाहुण्यांच्या हस्ते त्याच बॅनरची पट्टी यंत्रात घालायची. मी बॅनरचा कोपरा कापून बादलीत टाकला. तो दगडासारखा तळाला गेला. पेटवून बघितला, तर नाक जळलं.

सकाळी सरांकडे गेलो. “सर, ते बुडतंय.”

“काय बुडतंय?”

“बॅनर, सर.”

“पाहुणे गेटवर आलेत,” सर म्हणाले. “आता नको.”

इथे मी ठामपणे बोलायला हवं होतं. पण सरांपुढे ठामपणे बोलणं आमच्या घरात कोणाला येत नाही, आणि मी घरचाच. पाहुण्यांनी पट्टी घातली. टाळ्या झाल्या. अर्ध्या मिनिटाने जो धूर निघाला त्याने आधी पाहुणे, मग सर, मग टाळ्या वाजवणारे असे सगळे डोळे पुसत बाहेर आले. मी तोंडावर रुमाल धरून मोटर बंद केली आणि सगळ्यांत शेवटी निघालो. समारंभाचा उरलेला भाग गुलमोहराखाली झाला. सर म्हणाले होते तसे फोटो चांगले आले. डोळे ओले असल्यामुळे पाहुणे भारावलेले दिसतात. आतला माल पुढे ढकलणारा यंत्राचा स्क्रू मात्र त्या धुराने गंजला. तो घासून काढण्यात माझे पंधरा दिवस गेले.

त्यानंतर खांब निघाला. एकच, पण निघाला. छातीएवढा उंच, काळपट हिरवा, मध्ये कुठे कुठे पिशवीची लाल रेघ. आतून पूर्ण भरीव. मी तो जाड केला होता.

परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तो हातात घेऊन बघितला, मग नाकाजवळ नेला. “हा वास कसला?”

“सुक्या बोंबलाचा, सर.”

ते माझ्याकडे बघत राहिले. थट्टा करतो आहे का हे बघत असावेत. मग त्यांनी विचारलं, “उपयोग काय याचा?”

“वलांडीला, सर.” बहिणीच्या ॲडमिशनलाही, असं ओठांवर आलं होतं, पण ते अभ्यासक्रमात नव्हतं.

“कुजेल?”

“नाही, सर.”

“घनता?”

“पाण्यापेक्षा कमी, सर.”

“गुड,” ते म्हणाले आणि पुढच्या गटाकडे गेले. आयुष्यात पहिल्यांदा मी बरोबर उत्तर मोठ्याने दिलं होतं.

मे महिन्यात मासळीच्या रिकाम्या टेम्पोतून खांब गावी नेला. गावातले बाकीचे आपले खांब उपटून घरी नेत होते तेव्हा बाबांनी आमचा रोवला. लाकडाच्या खांबाला लावतात तसं त्याला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. कुंकू गुळगुळीत प्लास्टिकवरून ओघळलं. बाबांनी ते बोटाने पुन्हा वर लावलं. काकांनी खांब हलवून बघितला, लाथ मारून बघितली.

“दोन पावसाळे,” काका म्हणाले.

“दोन,” बाबा म्हणाले.

आईने नारळाचा तुकडा आधी बहिणीला दिला.

जूनमध्ये मला चाकणला नोकरी लागली. मुलाखतीत त्यांनी विचारलं, एक्स्ट्रूडरचा, म्हणजे माझ्या त्या लोखंडी सोऱ्याचा, अनुभव आहे का? मी म्हटलं, स्वतः बनवला आहे. ते खूश झाले. कारखाना पिशव्यांचा होता. खाडीतून मी जेवढ्या पिशव्या काढल्या असतील तेवढ्या आमचं एक यंत्र चहाच्या सुट्टीआधी बनवतं. त्याचा स्क्रू गंजत नाही, आणि तुकडे करायला त्याला कोणाची बहीण लागत नाही. मी मन लावून काम केलं. मन लावून न केलेलं काम मला जमत नाही, ही माझी अडचण आहे.

पाऊस सुरू झाला तसा मी दर अमावास्या-पौर्णिमेला, उधाणाच्या दिवशी, घरी फोन करू लागलो. आधी तब्येत विचारायचो, मग पाऊस, मग खांब.

“बाबा, खांब?”

“हाय.”

“उभा आहे ना?”

“उबा हाय म्हनून सांगतंय ना. जेवलास?”

काकांना फोन दिला तर काका म्हणायचे, “तुजा खांब हाय रे तिथंच. जातो कुटं?” त्यांचा आवाज जरा बदलला होता असं मला वाटायचं. पैज हरत चालल्यामुळे असेल, असं मी समजलो आणि मनातल्या मनात त्यांना माफ केलं.

दिवाळीला घरी गेलो. बाकीच्यांच्या नव्या वलांड्यांत आमचा खांब उभा होता, जरासा कललेला, पण उभा. मी त्याचे मोबाईलवर फोटो काढले. तळाशी, चिखलाजवळ, जाड दोराचे सात-आठ वेढे होते, मच्छीमाराची पक्की गाठ मारलेले.

“हे कशाला?” मी विचारलं.

बाबांनी गाठ चाचपून बघितली. “होडी बांदतो त्याला.”

माझ्या खांबाला होडी बांधतात! चाकणला परत गेल्यावर मी हे साहेबांना सांगितलं, शिफ्टमधल्या मित्रांना सांगितलं, कॉलेजच्या सरांना पत्र लिहून कळवलं. फोटोत ती गाठ ठळक दिसत होती. बहिणीला फोनवर समजावून सांगितलं की खाऱ्या पाण्याचा या पदार्थावर परिणाम का होत नाही. ती “हो दादा, हो” म्हणत ऐकत राहिली.

दुसरा पावसाळाही तसाच गेला. “हाय.” “उबा हाय.” “जेवलास?” नारळी पौर्णिमेनंतर काकांनी आळीतल्या चारचौघांसमोर सांगितलं, असं आईकडून कळलं, की दोन पावसाळे झाले, मी स्वतः मोजले, आता पोरीला कोणी अडवायचं नाय. स्थळाकडच्यांनाही त्यांनीच जाऊन नाही सांगितलं. मी मोठेपणाने काकांना फोन करून म्हटलं, “काका, वाईट वाटून घेऊ नका.”

“नाय वाटत,” काका म्हणाले, आणि पलीकडे कोणीतरी फिसकन हसल्याचं ऐकू आलं.

बहीण बारावी झाली. पुढच्या जूनमध्ये एका दुपारी तिचा फोन आला. मी मशीनवर होतो, बाहेर येऊन घेतला.

“दादा, नाव लागलं. पनवेलला, केमिस्ट्रीला. बाबा आणि काका दोघं आले होते फॉर्म भरायला.”

जे बोलायला मी दोन वर्षं थांबलो होतो तेच बोललो. “बघ. शेवटी खांब टिकला.”

तिने विचारलं, “दादा, तुला अजून कोणी सांगितलं नाय?”

“काय?”

तिने सांगितलं. मध्ये मध्ये तिला हसू येत होतं, मध्ये मध्ये नव्हतं येत. खांब पहिल्याच पावसाळ्यातल्या पहिल्या मोठ्या उधाणाला गेला होता. पाणी वर चढलं, चिखल सैल झाला आणि खांब बुचासारखा वर येऊन खाडीत निघून गेला. सकाळी काकांनी लावलेलं जाळं ओढलं, तर त्यात तो. काका त्याला खांद्यावर घेऊन आमच्या दारात आले आणि म्हणाले, “भाऊ, हा तुजा इंजिनेर माज्या जाल्यान गावला.”

बहीण आतून ऐकत होती. तिला वाटलं, झालं.

मग काका म्हणाले, “मी त्याला पडताना बगितला नाय. मला गावला तो खाडीत. खाडीतला खांब वलांडीचा हाय, हे मी कशावरनं बोलू?”

दोघांनी मिळून एक लाकडाचा जाड सोट चिखलात खोल गाडला, अगदी दिसणार नाही असा, आणि खांब त्याला बांधला. गाठ काकांनी मारली. सोट कुजला तेव्हा दुसऱ्या पावसाळ्याआधी बदलला. त्या वेळी शेजारची काकूसुद्धा हात लावायला होती.

“म्हणजे आळीत माहीत आहे?”

“सगळ्यांना, दादा. बंदरावर पण.”

मला बादली आठवली. तरंगणारं तेवढं वेचून वेचून मी तो खांब केला होता. परीक्षकांना उत्तरही बरोबर दिलं होतं.

बहीण म्हणाली, “बाबा तेव्हा एकच बोलले. बोलले, त्याला सांगू नका, त्याला वाईट वाटंल. आणि काका बोलले, एवढं शिकला, पण हा खांब तरंगतो हे आपल्याला कदी बोलला नाय.”